पाठीशी, पाठीवर नव्हे

श्रावण सरत आला आणि चवथीचे वेध लागले, की गोव्यातील महाविद्यालयांच्या आवारांत दरवर्षी एक निराळीच लगबग सुरू होते. उमेदवार वर्गावर्गांतून फिरू लागतात, हाताने रंगविलेले फलक भिंतींशी उभे राहतात, आणि थोड्याच दिवसांत विद्यार्थी मंडळ निवडून येते. महाविद्यालयांतून निवडून गेलेले प्रतिनिधी पुढे विद्यापीठाचे मंडळ निवडतात. शपथविधी होतो, पाहुण्यांची भाषणे होतात, ‘आजचे विद्यार्थी हे उद्याचे नागरिक’ हे वाक्य न चुकता उच्चारले जाते, आणि मग सारे शांत होते. मंडळाची आठवण पुन्हा होते ती स्नेहसंमेलनाचा मंडप घालावयाच्या वेळी. मधल्या काळात कोणाचा परीक्षा-अर्ज अडला, कोणाची शिष्यवृत्ती रखडली, वसतिगृहात पाण्याची तक्रार कोणी ऐकली की नाही, काणकोण, पेडणे, सत्तरीहून येणाऱ्या मुलींना शेवटच्या तासानंतर घरी नेणारी बस उरते की नाही, या गोष्टींशी मंडळाचा संबंध आहे असे कोणासच वाटत नाही. मंडळाला स्वतःलाही ते फारसे वाटत नाही.

या स्थितीचा दोष सामान्यतः विद्यार्थ्यांच्या माथी मारला जातो. पोरांना नाचगाण्यात रस, कामात नाही, असे म्हणून वडीलधारी मंडळी मोकळी होतात. आम्हांस हे मान्य नाही. विद्यार्थी मंडळे निस्तेज झाली असतील, तर त्याचे एक मोठे कारण प्राध्यापकवर्गाने आपली जागा सोडली हे आहे. आणि प्राध्यापकांनी ती सोडली, कारण विद्यापीठांनी आणि शासनाने त्या जागेला कधी मोलच दिले नाही. आज आम्हांस लिहावयाचे आहे ते या रिकाम्या जागेविषयी.

गोव्याच्या विद्यार्थ्यांना काम करता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी १९७८-७९ साल आठवावे. बसभाड्यात पन्नास टक्के सवलत मिळावी म्हणून त्या वर्षी येथील विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. त्या वेळी गोव्याला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. आपली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती आणि रस्त्यांवर खाजगी बसवाल्यांचे राज्य होते. लाठ्या खाऊन, परीक्षांची चिंता डोक्यावर घेऊन मुलांनी ती चळवळ चालविली आणि सवलत पदरात पाडून घेतली. १९८० साली कदंब वाहतूक महामंडळ उभे राहिले, त्यालाही या असंतोषाची पार्श्वभूमी होती. सवलतीच्या पासावर आज प्रवास करणाऱ्या मुलांपैकी कितीजणांना हा इतिहास ठाऊक असेल? तो त्यांना कोणी सांगितलाच नाही, हीच तर आमची तक्रार आहे.

विद्यार्थी मंडळाचे सर्वांत मोठे दुबळेपण पैशाचे नाही, अधिकाराचेही नाही. ते स्मरणाचे आहे. मंडळाचे आयुष्य एका वर्षाचे. त्यातील पहिले दोन महिने ओळखीपाळखीत जातात, शेवटचे दोन परीक्षेत. मधल्या काळात एखाद्या हुशार मुलाला वसतिगृहाच्या खाणावळीचा ठेका कसा दिला जातो, विद्यार्थी निधी कोठे जमा होतो आणि त्यावर सही कोणाची लागते, हे कोठे उमगू लागते न लागते, तोच त्याची मुदत संपते. पुढच्या वर्षी नवा मुलगा येतो आणि पहिल्या पायरीपासून आरंभ करतो. कार्यालयातील कारकून वीस वर्षे तेथेच असतो, ठेकेदारही पुष्कळदा तोच असतो; बदलतो तो केवळ विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी. अशा विषम झुंजीत त्याच्या बाजूने जुनी माहिती घेऊन उभा राहू शकेल असा एकच माणूस विद्यापीठात असतो, आणि तो म्हणजे प्राध्यापक. गेल्या वर्षी हाच अर्ज कोठे अडला होता, त्यावर काय ठरले होते, ते कागद कोणत्या कपाटात आहेत, हे त्याला ठाऊक असते, निदान ठाऊक असावयास हवे.

हा विचार नवा नाही. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने विद्यार्थी-कल्याणाच्या सोयी हा शिक्षणाचाच अविभाज्य भाग मानला होता. विद्यार्थी कल्याण अधिष्ठाता असा पूर्णवेळ अधिकारी असावा आणि प्राध्यापक व विद्यार्थी यांच्या संयुक्त समित्या असाव्यात, असा त्या आयोगाचा आग्रह होता. त्यानंतर विद्यापीठ अनुदान मंडळाने विद्यापीठांच्या कारभाराचा विचार करण्यासाठी समिती नेमली, ती न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखाली. सर्वोच्च न्यायालयाचे माजी सरन्यायाधीश असलेले गजेंद्रगडकर त्या सुमारास मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते, म्हणजे एका अर्थाने गोव्यातील महाविद्यालयांचेही कुलगुरू होते. त्यांच्या समितीनेही विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांना स्थान असावे, असेच प्रतिपादन केले. १९६९ साली महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात सदतीस विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिचा सारा डोलारा कार्यक्रम अधिकारी म्हणून काम करणाऱ्या प्राध्यापकाच्या खांद्यावर उभा केला गेला. ही योजना जेथे चालली तेथे ती चालविणारा एखादा झपाटलेला मास्तरच होता, हे गोव्यातील कोणत्याही गावकऱ्यास विचारावे. ज्याच्या गावी मुलांनी शिबिरात बांध घातला, त्याला त्या मुलांची नावे आठवणार नाहीत. सरांचे नाव आठवेल.

पुढे निवडणुकांतील हिंसाचार आणि पैशाचा खेळ वाढला, तेव्हा या विचारास उलटी दिशा मिळाली. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्यक्ष निवडणुका बंद करून गुणवत्तेच्या आधारे प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. रोग्यास ताप येतो म्हणून रोग्यासच घराबाहेर काढण्यासारखे हे होते. २०१६ च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली खरी. पण मधल्या दोन दशकांत विद्यार्थ्यांची एक पिढीच्या पिढी मतपेटी न पाहता पदवीधर झाली. देशपातळीवर माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने २००६ साली अहवाल दिला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो लागू केला. उमेदवाराला पाच हजार रुपयांची खर्चमर्यादा, पंचाहत्तर टक्के हजेरीची अट, छापील भित्तिपत्रकांस बंदी, निकालानंतर दोन आठवड्यांत तपासलेले हिशेब सादर करण्याची सक्ती, हे नियम बहुतेकांस ठाऊक आहेत. त्याच अहवालातील एका शिफारशीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. निवडणुकीच्या तक्रारी ऐकण्यासाठी प्रत्येक संस्थेत एक कक्ष असावा, त्याचे अध्यक्षपद विद्यार्थी कल्याण अधिष्ठात्याकडे किंवा तत्सम जबाबदारी असलेल्या प्राध्यापकाकडे असावे, आणि त्याच्यासमवेत एक ज्येष्ठ प्राध्यापक, एक ज्येष्ठ प्रशासकीय अधिकारी व अखेरच्या वर्षाचे दोन विद्यार्थी असावेत, अशी ती रचना आहे. म्हणजे निवडणुकीच्या शुद्धतेचे राखणदार पोलीस नव्हेत, प्राध्यापक आणि विद्यार्थी एकत्र बसून ते करतील, ही कल्पना तिच्या मुळाशी आहे. आमच्या मते लिंगडोह अहवालाचा आत्मा येथे आहे. खर्चाची मर्यादा हे केवळ त्याचे अंगवस्त्र होय.

आता प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. विद्यार्थ्यांच्या कामात पडणाऱ्या प्राध्यापकांचे आम्हांस तीन वर्ग दिसतात. पहिला वर्ग दुरून नमस्कार करणारा. तास संपला की यांचा आणि विद्यार्थ्यांचा संबंध संपला. दुसरा वर्ग याच्या अगदी उलट. मंडळाच्या प्रत्येक सभेत हे अध्यक्षांच्या खुर्चीशेजारी बसतात, विषयपत्रिका हेच लिहितात, ठराव हेच सांगतात, पाहुणाही हेच ठरवितात; आणि प्राचार्यांना जे नको असेल ते सभेपुढे येणार नाही याची काळजी घेतात. अशा सल्लागाराच्या हाताखाली वर्ष काढलेला विद्यार्थी सही करण्यास शिकतो, विचार करण्यास नव्हे. तिसरा वर्ग थोड्यांचा आहे. हे पुढे येत नाहीत, पण हाक मारली की सापडतात. मुलाने लिहिलेले निवेदन वाचून ‘यातले दुसरे वाक्य काढ, त्याने तुझीच बाजू लंगडी होते’ असे सांगतात, आणि ते निवेदन घेऊन त्यालाच कुलसचिवांकडे पाठवितात. स्वतः बाहेर बाकावर बसून राहतात.

आपल्या देवळांतील जत्रेत पालखी तरुण मुले खांद्यावर घेतात. वडीलधारे मागून चालतात. वाट कोठे अरुंद होते, कोठल्या वळणावर पायरी आहे, हे त्यांना ठाऊक असते. तेथे ते हळूच एक शब्द टाकतात. पालखी मात्र स्वतः धरीत नाहीत, आणि पालखीत बसण्याचा विचार तर त्यांच्या मनातही येत नाही. विद्यार्थ्यांच्या कारभारात प्राध्यापकाची जागा ही एवढीच आणि एवढी मोठी आहे. त्याने पाठीशी उभे राहावे; पाठीवर बसू नये.

मग हा तिसरा वर्ग इतका विरळ का? प्राध्यापकांस उपदेश करण्यापूर्वी त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. अनुदान मंडळाच्या २०१८ च्या नियमावलीने सहायक प्राध्यापकास आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन ठरवून दिले. त्याच नियमावलीत पदोन्नतीसाठी जो तक्ता घातला आहे, त्यात विद्यार्थीविषयक व इतर कामांच्या यादीतील किमान तीन कामांत सहभाग असला की ‘उत्तम’ असा शेरा मिळतो. वर्षभर वसतिगृहातील मुलींच्या अडचणी निस्तरणाऱ्या बाईंनाही एका कामाची खूण, आणि एखाद्या समितीच्या कागदावर केवळ नाव असलेल्या गृहस्थांनाही एकाच कामाची खूण! तक्त्याला घाम मोजता येत नाही. जो शोधनिबंध छापतो त्याला पुढची श्रेणी दिसते. जो विद्यार्थ्याबरोबर तीन दिवस शिष्यवृत्तीच्या खिडकीपाशी खेटे घालतो, त्याला घरी ‘इतका उशीर का?’ हा प्रश्न तेवढा मिळतो. अशा हिशेबात शहाणा माणूस काय निवडील, हे सांगावयास नको.

यातही तासिका तत्त्वावर किंवा कंत्राटावर काम करणाऱ्या तरुण अध्यापकांची स्थिती विशेष बिकट आहे. वयाने ते विद्यार्थ्यांच्या सर्वांत जवळचे. मुले मन मोकळे करतात ती पुष्कळदा यांच्यापाशी. परंतु ज्याची नेमणूक पुढच्या जूनमध्ये चालू राहील की नाही हेच ठाऊक नाही, त्याने व्यवस्थापनाविरुद्ध तक्रार घेऊन आलेल्या विद्यार्थ्याच्या पाठीशी उभे राहावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? विद्यार्थ्यांचे स्वातंत्र्य आणि शिक्षकाच्या नोकरीची शाश्वती हे दोन वेगळे प्रश्न आहेत असे जे समजतात, त्यांनी एकदा अशा अध्यापकाशी बोलून पाहावे.

तक्रार-निवारणाचे उदाहरण घेऊ. २०२३ च्या एप्रिलमध्ये अनुदान मंडळाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींविषयी नवे नियम काढले. त्यांनुसार प्रत्येक संस्थेत समिती असावयाची. अध्यक्ष प्राध्यापक, सदस्य चार प्राध्यापक अथवा ज्येष्ठ अध्यापक, आणि एक विद्यार्थी विशेष निमंत्रित म्हणून. समितीने शक्यतो पंधरा दिवसांत, तेही कामाच्या, आपला अहवाल द्यावयाचा, आणि त्यावर समाधान न झाल्यास विद्यार्थ्यास लोकपालाकडे जाता यावे. नियम चांगले आहेत. परंतु तो एक विद्यार्थी नेमावयाचा आहे तो अभ्यासातील गुणवत्ता अथवा खेळ व इतर उपक्रमांतील प्रावीण्य पाहून. विद्यार्थ्यांनी मते देऊन निवडलेल्या मंडळाला या समितीत आपल्या अधिकाराने जागा नाही. पाच अध्यापकांपुढे एक नेमलेला विद्यार्थी, तोही निमंत्रित! ज्या समितीचे बळ सर्वस्वी प्राध्यापकांच्या हाती दिलेले आहे, तिची लाजही प्राध्यापकांच्याच हाती आहे, हे त्यांनी ओळखावे. तक्रार करणारी मुलगी आपल्याच विभागप्रमुखाविरुद्ध बोलत असेल, तेव्हा समितीतील पाचजण सहकाऱ्याकडे पाहतात की विद्यार्थिनीकडे, यावर त्या विद्यापीठाची खरी श्रेणी ठरते. मूल्यांकन करणाऱ्या पथकांच्या अक्षरांवर ती ठरत नाही.

याहून गंभीर गोष्ट मनाच्या आरोग्याची. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या वार्ता छापताना आमचाही हात जड होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या मार्चमध्ये या विषयासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये दुसऱ्या एका प्रकरणात सर्व शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमावा, आणि शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांस वर्षातून किमान दोनदा या विषयाचे प्रशिक्षण द्यावे, असे न्यायालयाने सांगितले. यातील दुसरी सूचना आम्हांस पहिलीइतकीच मोलाची वाटते. प्राध्यापक हा वैद्य नव्हे आणि त्याने वैद्य होऊ नये. पण मागच्या बाकावरचा मुलगा पंधरा दिवस आला नाही, हे पहिल्याने कळते ते हजेरीपत्रक हाती असलेल्यासच. हजेरीपत्रकातील फुली पाहून ‘नियमानुसार परीक्षेस बसता येणार नाही’ एवढेच म्हणणारा एक, आणि त्याच्या मित्राला बोलावून ‘अरे, तो कोठे आहे?’ असे विचारणारा दुसरा. नियम दोघांनाही सारखाच लागू असतो. फरक एका प्रश्नाचा असतो, आणि कधी कधी तो प्रश्न एका जिवाच्या मोलाचा असतो.

यावर एक आक्षेप येईल, तो आम्ही जाणून आहोत. प्राध्यापक विद्यार्थ्यांच्या कारभारात शिरले, की त्यांच्याबरोबर राजकीय पक्षही शिरतील, असे अनेक पालकांस वाटते. भीती अनाठायी नाही. गोव्यासारख्या लहान प्रदेशात आमदार आणि मतदार एकमेकांस नावाने ओळखतात. विद्यापीठाच्या निवडणुकीवर राजकारण्यांचा डोळा नसेल असे मानणे भाबडेपणाचे होय. पण उलटा विचार करून पाहावा. पक्ष शिरतात ते मोकळ्या जागेत. ज्या मुलाला सभागृहाची परवानगी मिळविण्यासाठी, निधीची वाट मोकळी करण्यासाठी विद्यापीठात कोणी आपले माणूस नाही, तोच बाहेरच्या ‘भाई’कडे जातो. आणि एकदा ‘भाई’कडे गेलेला मुलगा रिकाम्या हाताने परत येत नाही, तसा मोकळाही परत येत नाही. प्राध्यापकांनी सोडलेल्या जागेत दुसरे कोणी येऊन बसणारच. तेव्हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या पाठीशी कोणी असावे की नसावे, असा नाहीच. कोणी असावे, एवढाच आहे.

म्हणून आम्ही काही साध्या गोष्टी सुचवितो. त्यांस नवा कायदा लागत नाही, फार पैसाही लागत नाही. विद्यार्थी मंडळाचा सल्लागार म्हणून काम करणाऱ्या प्राध्यापकास आठवड्याला दोन तासांचे अध्यापन कमी करावे, आणि ते काम वर्षाअखेर विद्यार्थ्यांच्या लेखी अभिप्रायासह त्याच्या सेवापुस्तकात नोंदवावे. सल्लागार प्राचार्यांनी एकतर्फी नेमू नये. दोन-तीन नावे मंडळापुढे ठेवावीत आणि मंडळाने त्यांतून निवडावे. मावळते मंडळ आणि नवे मंडळ यांची एक सभा सक्तीची करावी. तीत हिशेब, प्रलंबित तक्रारी आणि मिळालेली आश्वासने लिहिलेली वही एका हातातून दुसऱ्या हातात जावी. ती वही सांभाळणे हे सल्लागाराचे पहिले कर्तव्य समजावे. तक्रार समितीतील विद्यार्थी-निमंत्रित नेमताना निवडून आलेल्या मंडळाचे मत घ्यावे. नियमातील गुणवत्तेच्या अटीत बसणारा विद्यार्थी मंडळातही सापडू शकतो. आणि कंत्राटी अध्यापकाने विद्यार्थ्याची बाजू मांडली म्हणून त्याचे काम काढून घेतले जाणार नाही, एवढी हमी विद्यापीठाने लेखी द्यावी.

गोवा विद्यापीठाचा कायदा १९८४ साली झाला आणि १९८५ च्या जूनमध्ये विद्यापीठाचे काम सुरू झाले. आपले स्वतःचे विद्यापीठ असावे, आपल्या मुलांच्या प्रश्नांची उत्तरे मुंबईहून येण्याची वाट पाहावी लागू नये, ही त्यामागची आस होती. ताळगावच्या पठारावर इमारती उभ्या राहिल्या, विभाग वाढले, पदव्या वाढल्या. मुंबई आता आपल्या विद्यार्थ्यापासून दूर राहिलेली नाही. पण प्राध्यापकांच्या खोलीचे दार त्याच्यासाठी किती जवळ आले, हा प्रश्न चार दशकांनंतरही विचारावासा वाटतो.

यंदाही चवथीच्या सुमारास मंडळे निवडून येतील, हार घातले जातील, भाषणे होतील. व्यासपीठावर बसणाऱ्या प्राध्यापकांस आमची विनंती एवढीच, की त्या दिवशी भाषण थोडे आटोपते घ्यावे आणि समारंभ संपल्यावर नव्या प्रतिनिधींस बाजूला घेऊन सांगावे: ‘माझी खोली अमुक मजल्यावर आहे. तीन वाजल्यानंतर मी तेथे असतो. ये.’ आणि मग खरोखरच तीन वाजल्यानंतर तेथे असावे.